ब्रॉडवेच्या दुय्यम नटाची खातेवही : इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेस

नाटकाच्या जाहिरातीत ज्याचे नाव शेवटच्या ओळीत, ‘आणि इतर’ या शब्दांच्या जेमतेम अलीकडे छापले जाते, अशा नटाची रंगमंचावरची कामगिरी तारखांसह एका जागी वाचायला मिळणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीपुरती ती सोय ‘इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेस’ या संकेतस्थळाने करून ठेवली आहे, आणि तिच्यासाठी वाचकाला पैसे मोजावे लागत नाहीत. नाट्यगृहांचे मालक आणि निर्माते यांची ‘ब्रॉडवे लीग’ नावाची जी व्यावसायिक संघटना आहे, ती हे संकेतस्थळ चालवते. १९३० मध्ये ‘लीग ऑफ न्यूयॉर्क थिएटर्स’ या नावाने स्थापन झालेली ही संघटना निर्मात्यांच्या बाजूने नटसंघाशी आणि तंत्रज्ञांच्या संघटनांशी करार करते, तशीच नाटकांच्या तिकीटविक्रीचे आठवड्याचे आकडेही प्रसिद्ध करते. हिशेबाची सवय असलेल्या लोकांनी ठेवलेली ही नोंद आहे, हे तिच्या गुणांतही दिसते आणि उणिवांतही.

सोलापुरात हौशी नाटक करणाऱ्यांपैकी बहुतेकांची वर्षे दुय्यम भूमिकांतच जातात. दिवसा बँकेत, शाळेत किंवा एखाद्या टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात काम करायचे, संध्याकाळी तालमीला हजर व्हायचे, आणि राज्य नाट्य स्पर्धा आली की हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर हवालदार, शेजारी, दुसरा गावकरी किंवा मुलीचा मामा म्हणून उभे राहायचे, हा क्रम मी जवळून पाहिलेला आहे. त्यामुळे कोणत्याही नोंदसंग्रहाची परीक्षा मी प्रमुख नटाच्या नावावर करत नाही. प्रमुख नटाची माहिती कुठेही मिळते. ज्याच्या नावावर एकही नाटक विकले जात नाही, त्याच्याबद्दल हे संकेतस्थळ किती आणि काय सांगते, हे पाहावे म्हणून मी जॉर्ज ली अँड्र्यूज हे नाव घेतले. अमेरिकेतही नाट्यवेड्या लोकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे गायक-नट आहेत, आणि ज्यांना ठाऊक आहेत त्यांनाही ते बहुधा एका विक्रमामुळेच ठाऊक आहेत. त्या विक्रमाकडे पुढे येतोच.

ब्रॉडवे म्हणजे काय हे आधी स्पष्ट असलेले बरे, कारण या सेवेची सगळी मर्यादा त्या व्याख्येत आहे. ब्रॉडवे हे रस्त्याचे नाव असले तरी रंगभूमीच्या अर्थाने ते न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या ४१ व्यावसायिक नाट्यगृहांचे सामुदायिक नाव आहे. या नाट्यगृहांत पाचशे किंवा त्याहून अधिक आसने असतात. शंभर ते ४९९ आसनांच्या नाट्यगृहांना ‘ऑफ-ब्रॉडवे’ म्हणतात, आणि त्यांची नोंद हे संकेतस्थळ ठेवत नाही.

आत गेल्यावर मांडणी अगदी कोरडी आहे. नाटकाच्या पानावर पूर्वप्रयोगांची सुरुवात, शुभारंभाची तारीख, शेवटच्या प्रयोगाची तारीख आणि एकूण प्रयोगसंख्या दिलेली असते. त्याखाली शुभारंभाच्या रात्रीचा नटसंच, म्हणजे प्रत्येक नटाचे नाव आणि समोर पात्राचे नाव. मग पुढे त्या भूमिकांत आलेले बदली नट. मग नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, संगीत, व्यवस्थापन अशी लांबलचक श्रेयनामावली. संगीत नाटक असेल तर गाण्यांची यादी अंकवार येते. यातल्या कोणत्याही नावावर बोट ठेवले की त्या माणसाचे स्वतंत्र पान उघडते आणि त्याने ब्रॉडवेवर केलेली कामे तारखांच्या क्रमाने समोर येतात. कौतुकाचा एक शब्द नाही, चरित्र नाही, ‘सुप्रसिद्ध’ नाही की ‘ज्येष्ठ’ नाही. आपल्याकडच्या स्मरणिका वाचून तयार झालेल्या डोळ्यांना हा कोरडेपणा सुरुवातीला खटकतो. पण दुय्यम नटाच्या बाबतीत तोच न्याय ठरतो, कारण इथे नायकाच्या आणि नोकराच्या नावाचा ठसा सारख्याच आकाराचा असतो.

अँड्र्यूज यांची १९७३ ची नोंद पाहा. ‘अ लिटल नाइट म्युझिक’ हे संगीत नाटक २५ फेब्रुवारी १९७३ रोजी शुबर्ट थिएटरमध्ये सुरू झाले आणि ६०१ प्रयोग होऊन ऑगस्ट १९७४ मध्ये थांबले. त्यात अँड्र्यूज यांची भूमिका होती फ्रिड या नावाच्या नोकराची. घरच्या वृद्ध मालकिणीची सेवा करणारा हा गडी नाटकाच्या मुख्य प्रेमप्रकरणांच्या कडेकडेने वावरतो. नोंदीत एवढेच दिसते: पात्र फ्रिड, नट जॉर्ज ली अँड्र्यूज. नोंदीत जे दिसत नाही ते असे की फ्रिडसाठी ‘सिली पीपल’ नावाचे एक स्वतंत्र गाणे लिहिले गेले होते आणि ब्रॉडवेवर येण्याआधी, बॉस्टनच्या चाचणी प्रयोगांच्या काळात, ते कापले गेले. नाटक लांबले की कात्री पहिल्यांदा कोणाच्या गाण्यावर चालते, हे सोलापुरातही कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. शुभारंभानंतर काही दिवसांतच, मार्च १९७३ मध्ये, नाटकाचे संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांच्या गौरवाचा कार्यक्रम त्याच शुबर्ट थिएटरमध्ये झाला. तिथे अँड्र्यूज यांनी ते कापलेले गाणे गायले आणि त्याचे ध्वनिमुद्रणही झाले, म्हणून ते आज ऐकायला मिळते. संकेतस्थळावरच्या गाण्यांच्या यादीत मात्र शुभारंभाला जे शिल्लक होते तेवढेच येणार, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच आहे. जे रंगमंचावर झाले त्याची ही वही आहे.

दुसरी ठळक नोंद १९७८ ची. ‘ऑन द ट्वेंटिएथ सेंच्युरी’ हे आगगाडीच्या प्रवासात घडणारे विनोदी संगीत नाटक १९ फेब्रुवारी १९७८ रोजी सेंट जेम्स थिएटरमध्ये सुरू झाले. नायक-नायिका जॉन कलम आणि मॅडलिन कान. अँड्र्यूज यांच्याकडे मॅक्स जेकब्ज या निर्मात्याची छोटी भूमिका. या नाटकाचे पान सावकाश वाचावे, कारण इथे या सेवेची खरी ताकद कळते. शुभारंभाच्या नटसंचात खाली अॅग्नेस नावाच्या मोलकरणीच्या भूमिकेसमोर ज्युडी के हे नाव आहे. गरज पडल्यास नायिकेची भूमिका करायची राखीव नटीही के याच होत्या. सुमारे नऊ आठवड्यांनी मॅडलिन कान नाटकातून बाहेर पडल्या आणि ज्युडी के यांना नायिकेची भूमिका कायमची मिळाली. म्हणून एकाच पानावर हे नाव दोनदा येते: एकदा मोलकरीण म्हणून मूळ संचात आणि एकदा नायिका म्हणून बदली कलाकारांत. ही सगळी गोष्ट कुठेही वाक्यांत लिहिलेली नाही. दोन ओळी आणि तारखा एवढेच आहे; ज्याला वाचता येते त्याला कळते.

आणि मग दहा वर्षांनंतरचे पान उघडावे. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ २६ जानेवारी १९८८ रोजी मॅजेस्टिक थिएटरमध्ये सुरू झाले. त्याच्या मूळ नटसंचात कार्लोटा या तोऱ्यात वावरणाऱ्या गायिकेच्या भूमिकेसमोर ज्युडी के आहेत आणि बरेच खाली डॉन अतिलिओ या भूमिकेसमोर जॉर्ज ली अँड्र्यूज. कार्लोटाच्या भूमिकेसाठी के यांना त्या वर्षीचा संगीत नाटकातील सहायक अभिनेत्रीचा टोनी, म्हणजे ब्रॉडवे नाटकांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. अँड्र्यूज यांची डॉन अतिलिओ ही भूमिका मूळ नाटकातली सुद्धा नाही. नाटकात जो ऑपेरा सादर होतो, त्या ऑपेरातले ते एक पात्र आहे. म्हणजे नाटकातल्या नाटकातला दुय्यम नट. पुढे त्याच नाटकात त्यांनी ऑपेरागृहाच्या दोन मालकांच्या, म्हणजे मस्यू आंद्रे आणि मस्यू फिर्मँ यांच्या भूमिका केल्या. ऑपेरात राबणारा नट काही वर्षांत ऑपेरागृहाचा मालक झाला, आणि हे सारे एकाच छपराखाली. संकेतस्थळाने ही बढती ‘रिप्लेसमेंट’ या एका शब्दात गुंडाळली आहे.

इथपर्यंत आपण नटाच्या बाजूने वाचत होतो. तिन्ही पानांवर आता दिग्दर्शकाच्या नावावर बोट ठेवा. तिन्ही ठिकाणी एकच नाव आहे, हॅरॉल्ड प्रिन्स. १९७३ चा नोकर, १९७८ चा निर्माता आणि १९८८ चा ऑपेरा-गायक या तिन्ही भूमिका प्रिन्स यांच्या नाटकांतल्या आहेत, आणि मोलकरणीपासून कार्लोटापर्यंतचा ज्युडी के यांचा प्रवासही त्याच नावाखाली झाला आहे. दुय्यम नटाच्या आयुष्याबद्दल या संकेतस्थळाने मला दिलेली ही सर्वांत मोलाची माहिती होय. प्रमुख नटाची कारकीर्द भूमिकांची नावे घेत सांगता येते. दुय्यम नटाची कारकीर्द सांगायची तर त्याला पुन्हा पुन्हा बोलावणारा माणूस शोधावा लागतो. कोणता दिग्दर्शक नव्या नाटकाची जमवाजमव करताना ‘त्याला विचारा, तो वेळेवर येतो, संच बिघडवत नाही’ असे म्हणाला असेल, हे कोणत्याही पानावर लिहिलेले नसते. पण एकाच दिग्दर्शकाचे नाव पंधरा वर्षांत तीनदा येते तेव्हा त्याचा अंदाज करता येतो. सोलापूरच्या हौशी संस्थांतही हाच अनुभव आहे. नायकासाठी बाहेरचा मुलगा शोधून आणतात. मामा, हवालदार आणि डॉक्टर मात्र ठरलेले असतात.

आणखी एक गोष्ट नाट्यगृहांच्या पानांवरून कळते. शुबर्ट, सेंट जेम्स आणि मॅजेस्टिक ही तिन्ही नाट्यगृहे पश्चिम ४४ व्या रस्त्याच्या एकाच पट्ट्यात आहेत. सेंट जेम्स आणि मॅजेस्टिक तर जवळजवळ समोरासमोर. ‘अ लिटल नाइट म्युझिक’ सुद्धा नंतर शुबर्टमधून मॅजेस्टिकमध्येच हलवले गेले होते. जगातल्या सर्वांत नामांकित व्यावसायिक रंगभूमीवरची इतक्या वर्षांची ही मुख्य कामे काही पावलांच्या अंतरात झाली. दौऱ्याच्या बसमध्ये अर्धे आयुष्य घालवणाऱ्या आपल्या मराठी व्यावसायिक नटाला हे वाचून हेवा वाटावा.

आता विक्रमाबद्दल. अँड्र्यूज ‘फँटम’मध्ये शुभारंभापासून ३ सप्टेंबर २०११ पर्यंत होते आणि त्यांनी ९,३८२ प्रयोग केले. ब्रॉडवेवरच्या एकाच नाटकात सर्वाधिक प्रयोग केल्याबद्दल गिनेसच्या विक्रमांत त्यांची नोंद झाली. हा आकडा इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेसमधून काढता येत नाही, आणि माझा या सेवेवरचा मुख्य आक्षेप इथे येतो. नाटकाचे एकूण प्रयोग ते सांगतात: ‘फँटम’ १६ एप्रिल २०२३ रोजी १३,९८१ प्रयोगांवर थांबले. नट कोणत्या भूमिकेत होता हे सांगतात आणि शक्य तिथे कधीपासून कधीपर्यंत हेही सांगतात. परंतु त्या काळात तो प्रत्यक्ष किती रात्री रंगमंचावर उभा राहिला, हे सांगत नाहीत. व्यापाऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर ही खातेवही आहे, रोजकीर्द नाही. खात्यावर नाव चढले ती तारीख आहे, उतरले ती आहे; मधल्या रोजच्या व्यवहाराचा पत्ता नाही.

हा व्यवहार किती मोठा असतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ब्रॉडवेवर नटसंघाच्या कराराप्रमाणे आठवड्याला साधारणपणे आठ प्रयोग होतात. ‘फँटम’चा दहा हजारावा प्रयोग ११ फेब्रुवारी २०१२ रोजी झाला, तेथून मागे मोजत आले तर अँड्र्यूज यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत सुमारे ९,८०० प्रयोग झाले असले पाहिजेत. त्यांतले ९,३८२ त्यांचे. शंभरातले पंचाण्णव. साडेतेवीस वर्षांतले सर्दी-पडसे, घरातली लग्ने, हक्काच्या रजा, सगळे उरलेल्या पाचांत. या उपस्थितीला अभिनय म्हणावे की नोकरी म्हणावे, असा प्रश्न आमच्यातले काही जण विचारतील. माझ्या मते सहाशेव्या प्रयोगात दुय्यम भूमिका ताजी ठेवणे हे पहिल्या प्रयोगातल्या नायकापेक्षा अवघड काम आहे, कारण नायकाला निदान टाळ्या आठवण करून देतात.

प्रयोग मोजण्याची हौस मराठी रंगभूमीलाही आहे, किंबहुना जास्तच आहे. जाहिरातीत प्रयोगाचा क्रमांक छापण्याची पद्धत आपली जुनी आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात प्रशांत दामले यांनी कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला तेव्हा त्याची बातमी सर्वत्र झाली. ती संख्या अनेक नाटकांची मिळून आहे, त्यामुळे अँड्र्यूज यांच्याशी तिची सरळ तुलना करू नये. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की त्या १२,५०० संध्याकाळी दामल्यांसमोर उभे राहून ज्यांनी त्यांच्या वाक्यांना टेकू दिला, त्या सहकलाकारांचे प्रयोग कोणत्या वहीत मोजले गेले, हे विचारले तर उत्तर पटकन मिळणार नाही. जब्बार पटेल सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी, म्हणून १९७२ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चा अभिमान आम्हा सोलापूरकरांना आहेच. त्यातले नाना कोण हे आम्ही झोपेत सांगू. नाटकातली माणसांची ती प्रसिद्ध भिंत ज्यांच्या खांद्यांची होती, त्यांची नावे मात्र किती जण सांगू शकतील याची मला शंका आहे.

या संकेतस्थळाचे वर्गीकरण बारकाईने समजून घेतल्याशिवाय दुय्यम नटाचे पान नीट वाचता येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तिथे पडद्याआडच्या नटांचे तीन प्रकार आहेत. ‘अंडरस्टडी’ हा रोज स्वतःची छोटी भूमिका करतो आणि शिवाय मोठी भूमिका पाठ करून तयार असतो. ज्युडी के या अशाच. ‘स्टँडबाय’ रोज रंगमंचावर येत नाही. मुख्य नट येऊ शकला नाही तरच त्याची पाळी येते, पण त्याला सतत हाताशी राहावे लागते. तिसरा ‘स्विंग’. हा समूहातल्या अनेक जणांच्या हालचाली, गाणी आणि नाच पाठ करतो आणि ज्या कोणाची जागा रिकामी होईल तिथे उभा राहतो. आज डावीकडचा तिसरा, उद्या मागच्या रांगेतला पहिला. इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेस या तिघांचीही नावे देते, आणि माझ्या दृष्टीने या एका कारणासाठी ही सेवा वाचनीय ठरते. आपल्याकडे या कामांना वेगळे नावच नाही. तालमीला रोज बसणारा, सगळ्यांची वाक्ये येणारा, पहाटे फोन आला की पंढरपूर किंवा बार्शीच्या प्रयोगाला धावणारा एक जण प्रत्येक संस्थेत असतो, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव ‘विशेष साहाय्य’ या सदरात, मंडपवाल्याच्या आसपास सापडते.

भूमिका मुख्य की सहायक हे ब्रॉडवेवर पुष्कळदा नाव कुठे छापले आहे यावर ठरते, ही बाबही इथे सांगितली पाहिजे. टोनी पुरस्कारांसाठी ज्याचे नाव नाटकाच्या शीर्षकाच्या वर येते तो मुख्य, खाली येतो तो सहायक, असा सर्वसाधारण नियम आहे. समितीला वाटल्यास ती त्यात बदल करते. नाव कुठे यावे हे करारात ठरते, म्हणजे शेवटी सौद्यात. संकेतस्थळाच्या यादीत ही उतरंड बरीचशी पुसली जाते, हे मी गुण मानतो.

समूहातल्या नटांच्या श्रेयांना त्या रंगभूमीवर मान आहे, याची एक प्रथा साक्ष देते. १९५० मध्ये एका नाटकातल्या समूहनटाने दुसऱ्या नाटकातल्या मित्राला शुभारंभासाठी गंमत म्हणून एक झगा पाठवला. तो झगा पुढे नाटकामागून नाटकाकडे जाऊ लागला आणि आज त्याला ‘लेगसी रोब’ म्हणतात. संगीत नाटकाच्या शुभारंभाच्या रात्री, पडदा उघडण्याआधी, ज्या समूहनटाच्या नावावर ब्रॉडवेच्या समूहातली सर्वाधिक श्रेये असतील त्याला तो मिळतो. तो घालून तो रंगमंचाला तीन फेऱ्या मारतो आणि बाकीचे शुभशकुन म्हणून झग्याला हात लावतात. प्रत्येक नाटकाची एक खूण त्यावर शिवली जाते. नटराजाला हार घालून नारळ फोडणाऱ्या आपल्या मंडळींना हे परके वाटू नये. फरक असा की तिथला मान कोणाला द्यायचा हे श्रेयांच्या मोजणीवर ठरते आणि ती मोजणी करण्याइतकी व्यवस्थित नोंद तिथे उपलब्ध आहे.

व्याख्येच्या बाहेर जे पडते त्याबद्दल आता स्पष्ट लिहितो, कारण केवळ या संकेतस्थळावर विसंबून कोणी दुय्यम नटाचे चरित्र लिहील तर ते अर्धवट होईल. १९७७ मध्ये ‘स्टार्टिंग हिअर, स्टार्टिंग नाउ’ नावाचा अवघ्या तीन गायक-नटांचा कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये गाजला. त्या तिघांपैकी एक अँड्र्यूज होते. तिघांत एक म्हणजे दुय्यम नव्हेच. पण जागा छोटी, म्हणून ते ऑफ-ब्रॉडवे, म्हणून या वहीबाहेर. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९० मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरा या संस्थेने लिंकन सेंटरमध्ये ‘अ लिटल नाइट म्युझिक’ सादर केले आणि त्याचे प्रक्षेपण अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर झाले. त्यात नायक फ्रेड्रिक एगरमन या वकिलाच्या भूमिकेत अँड्र्यूज होते. सतरा वर्षांपूर्वी ज्याचे एकुलते गाणे कापले गेले होते तो नोकर त्याच नाटकाचा नायक झाला; आणि हे समजून घ्यायचे तर १९७३ च्या ब्रॉडवे प्रयोगाचे पान पुरत नाही, ऑपेरा कंपनीच्या इतिहासाकडे वळावे लागते. कॅथरिन रसेल यांचे उदाहरणही आहेच. ‘परफेक्ट क्राइम’ या नाटकात त्या १९८७ पासून एकच भूमिका करत आल्या आहेत, आणि प्रयोगसंख्येत त्यांनी अँड्र्यूज यांना केव्हाच मागे टाकले आहे. परंतु नाटक ऑफ-ब्रॉडवे असल्यामुळे ती कामगिरी इथे येत नाही. ऑफ-ब्रॉडवेसाठी ल्यूसिल लॉर्टेल प्रतिष्ठानचा वेगळा संग्रह आहे. हे दोन्ही संग्रह शेजारी उघडून वाचण्याची सवय लावून घ्यावी.

नट प्रत्यक्षात कसा होता, हे यातले कोणतेच पान सांगत नाही. त्यासाठी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात नाट्यप्रयोगांच्या चित्रफितींचा १९७० पासून जमवलेला मोठा संग्रह आहे, पण तो तिथे जाऊन, रीतसर परवानगी घेऊनच पाहता येतो. सोलापुरातून जे पाहता येते ते म्हणजे ‘प्लेबिल’ या कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्या नियतकालिकाचे संकेतस्थळ. तिथे जुन्या पत्रिकांची पाने आणि छायाचित्रे मिळतात, आणि इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेसच्या कोरड्या ओळींना चेहरे येतात. वाचनाच्या दृष्टीने ‘प्लेबिल’ रंजक आहे. खात्री करून घ्यायची असेल तेव्हा मात्र मी लीगच्या संकेतस्थळाकडेच वळतो.

वापराच्या काही बाबी. सगळे इंग्रजीत आहे आणि शोधताना स्पेलिंग नेमके लागते, त्यामुळे नटाच्या नावापेक्षा नाटकाच्या नावाने शोधून नटसंचातून पुढे जाणे सोपे पडते. नावांचा घोटाळा आधुनिक काळात कमी होतो, कारण अमेरिकन नटसंघात दोन सभासदांना एकच व्यावसायिक नाव घेता येत नाही. एका शहरात चार कुलकर्णी आणि सहा जाधव रंगमंचावर असताना आपल्याकडे कोणती भूमिका कोणाच्या खात्यावर मांडायची, हा प्रश्न अशी नोंद करू पाहणाऱ्याला पहिल्याच पानावर पडेल. फार जुन्या नाटकांच्या पानांवर शुभारंभाचा संच असला तरी बदली नटांची माहिती त्रोटक असते, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे यावे तशी ती भरत जाते. तेव्हा १९२० च्या एखाद्या पानावर बदली नट दिसला नाही, म्हणजे तो नव्हताच, असा निष्कर्ष काढू नये.

सोलापूरच्या वाचकाला याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. इंग्रजी नाटकांचे भाषांतर किंवा रूपांतर करणाऱ्या आमच्या मित्रांना मी हे संकेतस्थळ नेहमी सुचवतो, कारण मूळ प्रयोगात पात्रे किती, एका नटाने किती भूमिका केल्या, समूह केवढा होता, हे संहितेपेक्षा नटसंचाच्या यादीवरून लवकर कळते आणि सात-आठ माणसांच्या संस्थेला नाटक झेपेल की नाही याचा अंदाज येतो. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला कारकीर्द कशी वाचावी याचा हा चांगला धडा आहे. केवळ गोष्टी आणि आठवणी आवडणाऱ्या वाचकाने मात्र इथे येऊ नये. त्याला ही टेलिफोनची डिरेक्टरी वाटेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. पाचपैकी चार गुण मी देईन. कापलेला एक गुण नटाच्या स्वतःच्या प्रयोगांची मोजणी नसल्याबद्दल आहे. ऑफ-ब्रॉडवे वगळल्याबद्दल कापलेला नाही, कारण आपल्या नावातच त्यांनी ती मर्यादा सांगितली आहे. नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात १९७८ च्या ‘ऑन द ट्वेंटिएथ सेंच्युरी’च्या पानापासून करावी, मूळ संच आणि बदली संच शेजारी ठेवून वाचावेत, आणि त्यानंतर दिग्दर्शकाच्या नावावर जावे.